ओल खाली, उगम वर

अणदूर मागं पडलं आणि काटा हलला.

सोलापूर सोडल्यापासून तापमानाचा हा काटा मधल्या खुणेवर स्थिर होता. मे महिना, दुपारचे अडीच, एसी पूर्ण सोडलेला आणि डोक्यात एकच गोष्ट: चारच्या आत उमरग्याला माहेरी पोचायचं. आधी एसीची हवा कोमट झाली. उन्हाचा जोर असेल असं वाटलं. मग गाडीत एक गोडसर वास शिरला, काकवी करपल्यासारखा. काट्याकडे पाहिलं तर तो लाल रेघेला जाऊन टेकलेला.

रस्त्याच्या कडेला चिंचेखाली मी गाडी बंद केली. बॉनेट उचललं तशी वाफ तोंडावर आली. खाली हिरवट पाण्याचा ओघळ चाकापर्यंत गेला होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फडकं घेऊन मी रेडिएटरच्या झाकणाकडे वाकले, तेवढ्यात पलीकडे सावलीला थांबलेल्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "ओ ताई, झाकनाला हात लावू नगा!"

त्यानंच फोन लावून नळदुर्गच्या एका मिस्त्रींना बोलावलं. वीसेक मिनिटांत ते जुन्या मोटारसायकलवर आले. साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, गव्हाच्या पोत्यात गुंडाळलेली पान्ह्यांची पिशवी. हायवेवरचे सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. त्यांनी इंजिनावर वितभर अंतरावरून तळहात फिरवला, खाली वाकून ओघळ पाहिला आणि एका दगडावर जाऊन बसले. मला वाटलं होतं, आले की पाणी ओततील आणि काहीतरी आवळतील.

"थंड होऊ द्या, ताई. पाऊन तास तरी. घाईत इंजिनाचं वाटोळं हुतंय."

या बसण्यामागचं शास्त्र साधं आहे, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक हवं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणातली स्प्रिंग आत साधारण एका वातावरणाएवढा जादा दाब धरून ठेवते, म्हणून तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यात कूलंट असेल तर आणखी वर. तापल्या गाडीचं झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं पाणी एकदम उकळून चेहऱ्यावर येतं. दुसरी चूक गार पाण्याची. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, हल्ली बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या हेडमध्ये गार पाणी ओतलं तर ते वाकतं, कधी तडकतं. त्या पोरानं ओरडून माझे डोळे वाचवले आणि गाडीही वाचवली.

आम्ही बसलो असताना सांडलेल्या पाण्याकडे एक कुत्रं आलं. जीभ बाहेर, पोट खपाटीला. त्या उन्हात त्याला कुठलंही पाणी चाललं असतं. चाचा ताडकन उठले, त्याला हाकललं, दोन्ही हातांनी माती ओढून सगळा ओघळ बुजवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी एका फुटक्या टायरच्या खोबणीत त्याच्यासाठी ओतलं. कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकोल असतं. चवीला गोड आणि मूत्रपिंडं निकामी करणारं विष. जनावरं गोडीला भुलून ते पितात. जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणारी गॅरेजं मी पाहिली आहेत. माती ओढणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

मग प्रश्न सुरू झाले. जुना वैद्य नाडीला हात लावण्याआधी भूक, झोप, पोट विचारतो तसे.

"चालताना तापली का थांबल्यावर?"

या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. गाडी सिग्नलला किंवा बाजारात अडकली की तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर संशय पंख्यावर. वेगात असताना वारा समोरून येतोच, तिथं पंख्याची गरज नसते. उभ्या गाडीला तोच एक आधार. मग पंख्याची मोटर, तिचा फ्यूज, रिले, पंख्याला हुकूम देणारा सेन्सर हे क्रमानं बघायचं. उलट गावात ठीक आणि हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगात तापत असेल तर पाण्याचा फेरा अडलाय: रेडिएटर आतून तुंबलाय, होज पाईप चिमटतोय, वॉटर पंप मंदावलाय, किंवा थर्मोस्टॅट उघडत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं मेणाचं फाटक. इंजिन सुरुवातीला लवकर ऊबदार व्हावं म्हणून ते बंद असतं. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास गेलं की आतलं मेण फुगतं आणि फाटक उघडतं. ते बंद स्थितीत अडकलं तर इंजिनाजवळचा पाईप हात लावू देत नाही आणि रेडिएटर मात्र गारच राहतो. आपल्याकडे कित्येक जण ते काढूनच टाकतात. त्यानं तापणं थांबल्यासारखं वाटतं, पण इंजिन कायम हवं तेवढं तापत नाही, इंधन जास्त खातं आणि खरा दोष झाकला जातो.

"पाणी कदी टाकलं हुतं?"

दोन महिन्यांत तीनदा, मी सांगितलं. कूलंटच्या बाटलीवर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात. पातळी खालच्या खुणेखाली गेली की मी स्वयंपाकघरातून तांब्या आणून भरत होते. बंद फेऱ्यातलं पाणी असं दर पंधरा-वीस दिवसांनी कमी होत नाही. ते कुठंतरी जातंय, हा प्रश्न मी तीनदा हातात तांब्या घेऊन टाळला होता.

चाचा रागावले नाहीत. "पानी मुकं नसतं," एवढंच म्हणाले आणि उठले.

गाडी टोचन लावून गॅरेजात नेली. तिथं त्यांनी आधी कोरड्या फडक्यानं इंजिनाची समोरची बाजू, पाईपांचे सांधे, रेडिएटरच्या कडा, पंपाचं पोट सगळं पुसून काढलं. ओलं इंजिन काही सांगत नाही. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवला, त्यावर छोटं घड्याळ. इंजिन बंद ठेवून, झाकण जेवढा दाब धरतं तेवढा हवेनं दिला आणि पुन्हा वाट पाहिली. दहा मिनिटांत घड्याळाचा काटा खाली सरकला. म्हणजे गळती नक्की. आता जागा.

शिकाऊ पोरानं खालून टॉर्च मारून लगेच सांगितलं, "चाचा, खालचा पाईप गळतोय." खालचा पाईप खरोखर ओला होता. चाचांनी त्याला बाजूला घेतलं. "ओल खाली दिसती, उगम वर आसतो. सगळ्यात वर आन सगळ्यात फुडं कुठं ओलं हाय ते सांग." पाणी उतारानं खाली येतं, आणि गाडी पळत असताना वारा ते मागं ढकलतो, म्हणून टपका पडतो तिथं दोष क्वचितच असतो. त्या पोरानं दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा पट्ट्याच्या मागं घातला. पंपाच्या पोटाखाली एक भोक, त्याखाली वाळलेल्या हिरव्या क्षाराची रेघ, आणि रेघेच्या टोकाला ताजा थेंब.

ते भोक गाडी बनवणाऱ्यानंच ठेवलेलं असतं. वॉटर पंपात पाण्याची बाजू आणि बेअरिंगची बाजू यांच्यामध्ये एक सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरून पंप जाम होईल. तसं होऊ नये म्हणून मध्येच त्याला बाहेरची वाट काढून दिलेली असते. तिथून पडलेला थेंब म्हणजे सील संपत आल्याची वर्दी. हे भोक एम-सीलनं बुजवणारेही भेटतात, असं चाचांनी सांगितलं. वर्दी देणाऱ्याचं तोंड दाबण्यातला प्रकार. पुढं बेअरिंग जातं, पट्टा तुटतो आणि गाडी आडरानात उभी राहते.

पंप सोलापूरहून यायचा होता. ओळखीचा एक ड्रायव्हर तिकडून निघणार होता, त्याच्याबरोबर. दोन तास तरी लागणार. मी गॅरेजच्या मागं गेले तर तिथं जुन्या रेडिएटरांचा ढीग. चाचांनी त्यातला एक उभा कापून ठेवलाय, शिकाऊ पोरांना दाखवायला. आत गवताच्या काडीएवढ्या चपट्या नळ्या, आणि निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या-पिवळट खडूनं गच्च. नखानं खरवडलं तर नख मोडेल इतका घट्ट थर.

"हे आपल्या बोअरचं पानी," चाचा म्हणाले.

या जिल्ह्यात ज्यांनी संसार केलाय त्यांना तो थर ओळखीचा आहे. आंघोळीच्या पाण्याच्या बंबात, चहाच्या पातेल्याच्या बुडाला, नळाच्या तोटीवर तोच साचतो. बोअर जितकी खोल जाते तितकं पाणी बहुतेकदा जड होत जातं, आणि धाराशिव जिल्ह्यात बोअर खोलच जाते. पाणी तापलं की त्यातले क्षार सुटतात आणि सर्वांत तापलेल्या भिंतीला चिकटतात. इंजिनात ती भिंत सिलिंडरभोवतीची असते. वरून थर, आतून गंज. एक दिवस पाणी फिरतंय पण उष्णता उचलत नाही, अशी अवस्था येते. माणसाला टँकरची वाट पाहावी लागते त्या गावात गाडीसाठी वेगळं पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न चाचांना काळी-पिवळी चालवणारे नेहमी विचारतात. त्यांचं उत्तर ठरलेलं: बॅटरीत घालायला मिळतं ते शुद्ध पाणी, आणि त्यात कूलंट. कूलंट थंडीत गोठू नये म्हणून, अशी एक समजूत आहे. नळदुर्गात पाणी गोठायची धास्ती कुणाला? इथं त्याचं काम गंज रोखणं आणि उकळबिंदू चढवणं. मात्र हिरवं, गुलाबी, केशरी असे रंग पाहून दोन जातींचं कूलंट एकत्र करू नये. रंगावरून आतलं रसायन नक्की कळत नाही, आणि न जुळणाऱ्या जाती मिसळल्या तर कधी गाळ धरतो. अडचणीच्या वेळी मात्र कुठलंही पाणी चालतं, बोअरचंसुद्धा; घरी गेल्यावर ते काढून टाकायचं, एवढं लक्षात ठेवायचं.

हळदीची गोष्टही तिथंच निघाली. रेडिएटरला बारीक छिद्र पडलं की मूठभर हळद आत टाकायची, हा आपल्या ड्रायव्हरांचा जुना इलाज. पेट्रोलची टाकी पाझरली की बाहेरून साबणाची वडी घासायची, तसाच हा. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, छिद्राशी अडकतात, फुगतात आणि बुच बसतं. मी तो गावठी प्रकार समजत होते. चाचांनी मान हलवली. जंगलात रात्री अडकलेल्या माणसाला गावापर्यंत आणणारी ती हळद आहे, म्हणाले. फक्त गावात आल्यावर रेडिएटर धुवून घेतला नाही तर तीच हळद चांगल्या नळ्याही बुजवते.

या बारीक नळ्यांनी मोटारीचा इतिहास बदललाय. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी फिरवायची सोय नव्हती. ते तापून वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा ओतावं लागायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर. वाटेत जिथं मिळेल तिथं पाणी भरत गेली, इंधन एका औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. पुढं १९००-१९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, आठ हजारांहून जास्त इवल्या नळ्यांचा. पाणी जवळजवळ निम्मं पुरलं आणि गाडी वेगानं लांब जाऊ लागली. बर्थाचं पाणी भरत जाणं आपल्याकडे मात्र पुढं कितीतरी वर्षं टिकलं. नळदुर्गच्या स्टँडवर एसटी थांबली की ड्रायव्हर बादली घेऊन हौदाकडे जाताना मी लहानपणी पाहिलंय. सीटशेजारच्या इंजिनाच्या पत्र्यावर गोधडी टाकलेली असायची, तरी पाय भाजायचे.

पंप यायला वेळ होता, म्हणून रिक्षानं किल्ल्यात गेले.

नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ यांच्यामधून बोरी नदी वाहते. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६०० नंतरच्या पहिल्या काही दशकांत, इथं दगडी धरण बांधून दोन्ही किल्ले जोडले गेले, आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात खोल्या काढल्या गेल्या. तोच पाणीमहाल. पावसाळ्यात बोरी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळतं. सज्जात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा, कानांत गर्जना आणि पायाखालची फरशी कोरडी. मी तो देखावा शाळेच्या सहलीत पाहिला होता. मे महिन्यात नर-मादी दोन्ही सुकलेले होते, नदीत हिरवट डबकं उरलेलं. पण त्या दिवशी मला पाण्यापेक्षा भिंत बघायची होती.

पाण्यानं वेढलेली कोरडी खोली म्हणजे इंजिनातला सिलिंडरच की. आत पेट्रोल पेटतं तेव्हा वायूचं तापमान काही क्षण दोन हजार अंशांपलीकडे जातं; ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ढोबळ मानानं इंधनाच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला पाण्याला उचलावा लागतो. म्हणून सिलिंडरभोवती पाण्याचे मार्ग कोरलेले असतात. भिंतीच्या अलीकडे आग, पलीकडे पाणी. आणि नर-मादी? आदिलशाही कारागिरानं धरणाला सांडवे ठेवले, कारण पुराला वाट दिली नाही तर तो भिंत फोडून स्वतःची वाट काढतो. दीड तासापूर्वी मी एका आरशात पंपाच्या पोटातलं भोक पाहिलं होतं. पाण्याला कुठून जाऊ द्यायचं हे आधी ठरवणाऱ्या माणसांची ही कारागिरी आहे, चारशे वर्षांपूर्वीची तीही आणि कारखान्यातली हीही. त्या थंड खोलीत बसून मला चाचांबद्दल फार आदर वाटला. तेही पाणी वाचतात.

परत आले तर गॅरेजात एक काळी-पिवळी उभी होती आणि तिचं हेड उतरवलेलं. ड्रायव्हर जळकोटकडचा, तिशीचा. काटा चढला तेव्हा गाडीत प्रवासी भरलेले होते. थोडं पुढं गेल्यावर काटा आपोआप खाली आला, म्हणून त्याला वाटलं, गाडी गार झाली. हा फसवा उतार सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी पार संपलं की तापमान मोजणारा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो, त्याला धड काही मोजता येत नाही आणि काटा खोटा उतरतो. त्यानं आणखी दहा किलोमीटर गाडी ओढली. लोखंडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मधलं गॅस्केट ती ओढाताण एका मर्यादेपर्यंत सोसतं. मग ते उडतं. पाण्यात जळका वायू, तेलात पाणी.

चाचांनी मला डिपस्टिक दाखवली. तेल नव्हतं, दूध घातलेला चहा होता. झाकण उघडून इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते, पांढरा गोडसर धूर मागून निघत होता. खात्रीसाठी सोलापूरच्या मोठ्या गॅरेजांत एक निळं रसायन वापरतात. रेडिएटरच्या तोंडाशी जळका वायू येत असेल तर ते पिवळं पडतं. चाचांकडे ते नाही. त्यांनी हेडवर लोखंडी पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्च मारला. पट्टीखालून उजेडाची बारीक फट दिसली. हेड वाकलं होतं. आता ते सोलापूरला फेस मारायला, म्हणजे घासून सपाट करायला जाणार, आठवडाभर गाडी बंद, आणि ती गाडी हीच त्या घराची रोजची चूल. तो ड्रायव्हर फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत बराच वेळ उभा होता. काटा चढला तेव्हाच थांबला असता तर बहुधा एका फाटक्या होज पाईपवर भागलं असतं. शिकवणी वर्गात गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवतात, हे का शिकवत नाहीत? लाल काटा दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण सोडायचा, कारण तोही छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. मग पहिल्या सुरक्षित जागी इंजिन बंद. लायसन्सच्या परीक्षेला हा प्रश्न हवा, असं मला मनापासून वाटतं.

माझा पंप बसला तेव्हा दिवस मावळत होता. नवा पंप, नवं गॅस्केट, पट्टा जुनाच पण तपासलेला. शुद्ध पाणी आणि कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून चाचांनी इंजिन चालू ठेवलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ दिली, कारण फेऱ्यात हवेचा गोळा राहिला तर नवा पंपही पाणी फिरवू शकत नाही. पंखा सुरू होऊन बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मग गार झाल्यावर हातपंपाचं घड्याळ परत लावलं. या वेळी काटा हलला नाही.

निघताना त्यांनी कालचं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. रात्री गाडी लावली की इंजिनाखाली पसरायचं, चाकं कुठं आहेत त्याच्या खुणा करायच्या आणि सकाळी वाचायचं. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोड वासाचा डाग कूलंटचा. तपकिरी-काळा तेलाचा. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ आणि निसरडं काही दिसलं तर ते ब्रेकचं, आणि मग गाडी हलवायचीच नाही. पेट्रोल असेल तर वास आधी सांगतो. कागद कोरडा आणि तरी पाणी कमी होत असेल तर गाडीच्या आत बघायचं: डाव्या बाजूच्या पायपुसण्याखाली ओल, काचेवर चिकट धुकं, म्हणजे हीटरची जाळी पाझरतेय. आतही कोरडं असेल तर इंजिन पाणी पितंय, आणि मग त्या काळी-पिवळीची आठवण ठेवायची.

उमरग्याला पोचायला रात्रीचे आठ वाजले. आई दारातच उभी होती. पन्हं प्यायच्या आधी मी अंगणात गाडीखाली कागद पसरला आणि चाकांपाशी खडूनं रेघा ओढल्या.

सकाळी सहाला मी गुडघ्यांवर बसून तो ओढून काढला. पंपाखालची जागा कोरडी होती. डाव्या अंगाला कागद ताटलीएवढा सुरकुतला होता, वाळून कडक झालेला. रंग नव्हता. नाकाशी धरला, वास नव्हता. बोटानं चोळलं, बुळबुळ नव्हती.

"काय गं ते?" आईनं विचारलं.

"एसीचं पाणी," मी म्हणाले, आणि कागद घडी करून गाडीत परत ठेवला.